साठ जागांचं एमबीए आणि आपली मुलं

मी शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. बी.एड. करून या पेशात आले त्याला आता वीस वर्षं होत आली. मॅनेजमेंट हा काही माझा विषय नव्हे. तरीही दरवर्षी सीईटीचा निकाल लागला की कुणी ना कुणी पालक मला गाठतात. कुणी बाजारात, कुणी शाळेच्या फाटकापाशी, कुणी थेट घरी. प्रश्न एकच असतो, "टीचर, बच्ची एमबीए करती बोल रही, डालूं क्या?"

हा प्रश्न माझ्याकडे का येतो, ते उघड आहे. मराठवाड्यातल्या आमच्या गावात, आमच्या मोहल्ल्यात एमबीए झालेला माणूस पालकांच्या ओळखीचा नसतो. शिक्षक ओळखीचा असतो. मी त्यांना सांगते, मला विचारू नका, जी मुलं शिकून आली त्यांना विचारा. गेल्या दहा-बारा वर्षांत माझ्या वर्गातून गेलेली वीस-बावीस मुलंमुली आमच्या आणि शेजारच्या जिल्ह्यातल्या छोट्या कॉलेजांतून एमबीए झाली. ईदला भेटायला येतात, लग्नात भेटतात, फोन करतात. त्यांच्याकडून मी जे ऐकत आले ते एकदा नीट मांडावं, म्हणून हा लेख.

छोट्या कॉलेजच्या एमबीएबद्दल आपल्याकडे दोन मतं आहेत आणि दोन्ही ऐकीव आहेत. एक मत असं की एमबीए झालं म्हणजे नोकरी पक्की. दुसरं असं की असल्या कॉलेजची डिग्री म्हणजे नुसता कागद, पैसे पाण्यात. या मुलांचं ऐकलं तर दोन्ही मतं टिकत नाहीत. मला त्यांच्या सांगण्यातून एक गोष्ट दिसली. छोट्या कॉलेजचा फायदा त्याच्या छोटेपणातच आहे. वर्गात मुलं कमी असतात, त्यामुळे शिक्षक प्रत्येकाला ओळखू शकतो, प्रत्येकाला उभं करू शकतो. जिथे हे झालं तिथली मुलं पुढे सरकली. जिथे छोटेपणाचा अर्थ 'इथे कोण बघतंय' असा घेतला गेला, तिथे दोन वर्षंही गेली आणि घरचे पैसेही गेले.

शिखरावरची मोजणी

भारतात आयआयएमची सुरुवात १९६१ साली झाली. कलकत्ता आणि अहमदाबाद या पहिल्या दोन संस्था. आपल्या समाजात मॅनेजमेंटच्या शिक्षणाची चर्चा निघाली की ती तिथूनच सुरू होते आणि तिथेच संपते. २००६च्या सच्चर समितीच्या अहवालातला आकडा आपल्यापैकी अनेकांनी भाषणांतून ऐकला असेल. देशातल्या सगळ्या आयआयएममध्ये मिळून ४,७४३ विद्यार्थी होते, त्यांत मुसलमान ६३. म्हणजे १.३ टक्के. आकडा बोचणारा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे. पण त्याला आता जवळपास दोन दशकं झाली, आणि आपण अजून तोच आकडा म्हणून दाखवतो.

माझ्या शाळेतून निघालेलं एकही मूल आयआयएमला गेलेलं नाही. जी गेली ती जिल्ह्याच्या ठिकाणी, एमआयडीसीच्या रस्त्यावरच्या, एकाच इमारतीत डी.फार्म., पॉलिटेक्निक आणि एमबीए चालवणाऱ्या कॉलेजात गेली. त्यांच्याबद्दल ना भाषण होतं, ना लेख. ६३ मुलांची आपण वीस वर्षं काळजी केली. ज्या शेकडो घरांनी सोनं मोडून मुलांना या छोट्या कॉलेजांत पाठवलं, त्या मुलांना तिथे काय मिळालं, हे कुणी विचारलं नाही.

हे कॉलेज असतं कसं, ते आधी सांगते. मंजुरी साठ जागांची, एकच तुकडी. प्रवेशासाठी राज्याची एमबीए सीईटी द्यावी लागते. दोनशे प्रश्न, दीडशे मिनिटं, सगळा पेपर इंग्रजीत. नामांकित कॉलेजांना वरचे पर्सेंटाइल लागतात. पण नियमाप्रमाणे सीईटीत शून्याहून जास्त गुण आणि पदवीला ५० टक्के, राखीव प्रवर्गाला ४५ टक्के, एवढं असलं की प्रवेशाला पात्र. त्यामुळे छोट्या कॉलेजात जागा रिकाम्या राहतात. साठपैकी पंचवीस-तीस भरल्या तरी संस्थाचालक समाधानी असतो. वर्गात येणारे त्याहून कमी. बी.कॉम., बी.ए., बी.एस्सी., क्वचित एखादा बी.ई. बहुतेक जण घरातले पहिले पदवीधर.

वर्गात बावीस मुलं

माझा एक विद्यार्थी बागवान कुटुंबातला. वडिलांची मोसंबीची आडत. दहावीपर्यंत उर्दू माध्यम, पुढे बी.कॉम. त्याच्या एमबीएच्या वर्गात बावीस मुलं होती. फायनान्स शिकवणाऱ्या सरांनी वर्किंग कॅपिटलचा धडा आला तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं आणि सांगितलं, ज्यांच्या घरी धंदा आहे त्यांनी घरची वही आणायची. हा वडिलांची वही घेऊन गेला. वही उर्दूत. सरांना उर्दू येत नव्हतं, म्हणून यानेच एकेक नोंद वाचून फळ्यावर मांडली. आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडं, शेतकऱ्याची पट्टी, बाहेरगावच्या व्यापाऱ्याकडची उधारी. दोन तास तेच चाललं.

हिशेब मांडल्यावर दिसलं ते असं. शेतकऱ्याला पैसे लगेच द्यावे लागत होते आणि व्यापाऱ्याकडून यायला दीड-दीड महिना लागत होता. नफा वहीत होता, गल्ल्यात नव्हता. वडील दर हंगामात हातउसने पैसे का घेत होते, ते त्या मुलाला बाविसाव्या वर्षी कळलं. त्याने घरी येऊन वडिलांना समजावलं. दोन व्यापाऱ्यांना उधारी बंद झाली. पुढे तो एका वित्तसंस्थेत लागला, छोट्या दुकानदारांच्या कर्जाचे अर्ज तपासतो. मला म्हणाला, "टीचर, मी समोरच्याची वही बघितली की विचारतो, उधारी कितीची आणि किती दिवसांची? हे मला त्या दोन तासांत कळलं."

हे मोठ्या कॉलेजात झालं असतं का? एकशेवीस मुलांच्या वर्गात एका मुलाच्या वडिलांची वही दोन तास कुणी उघडत नाही. मोठ्या संस्थांकडे दुसरं खूप काही असतं. जुन्या विद्यार्थ्यांचं जाळं, कंपन्यांची ये-जा, नावाचं वजन. पण हे नसतं. छोट्या कॉलेजला परवडणारी गोष्ट हीच आहे, आणि ती करायला पैसे लागत नाहीत. शिक्षकाची इच्छा लागते, आणि तो शिक्षक दोन वर्षं त्याच कॉलेजात टिकावा लागतो.

आणखी एक गोष्ट जवळपास प्रत्येकाने सांगितली. उभं राहून बोलणं. आपल्या शाळांमध्ये चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात काही मुलं दहा वर्षं एक शब्द न बोलता निघून जातात. एमबीएच्या लहान वर्गात लपायला जागा नसते. दर आठवड्याला प्रेझेंटेशन. पहिल्या वेळी पाय कापतात, चौथ्या-पाचव्या वेळी कापायचे थांबतात. एक मुलगी म्हणाली, "पहिल्या सेमिस्टरला मी कागद वाचून दाखवायची. मॅडमनी एक दिवस कागद काढून घेतला आणि म्हणाल्या, आता सांग. मी हिंदी-मराठी-इंग्रजी सगळं मिसळून सांगितलं. त्या म्हणाल्या, मुद्दा बरोबर आहे, भाषा येईल." एवढं म्हणणारं माणूस वेळेवर मिळणं म्हणजे काय असतं, ते भाषेचा शिक्षक चांगलं समजतो.

तीन भाषा, आणि तरी 'भाषा येत नाही'

इथे मला माझ्या विषयापुरतं बोलायचं आहे. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाला एमबीएच्या पहिल्याच दिवशी ऐकायला मिळतं, तुझं इंग्रजी कच्चं आहे. ते खरंही असतं. पण त्या वाक्यात त्याला ज्या येतात त्या भाषा कुणी मोजत नाही. आमचं मूल घरी दखनी बोलतं, शाळेत उर्दू वाचतं, बाजारात मराठीत घासाघीस करतं, टीव्हीवरची हिंदी समजतं. महाराष्ट्रात धंदा करणाऱ्या कुठल्याही कंपनीला असा माणूस हवाच असतो.

माझी एक विद्यार्थिनी आज वाळूजला एका गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात एचआरमध्ये आहे. कामगार तिन्हीकडचे. आसपासच्या तालुक्यांतले मराठी बोलणारे, शहरातल्या मोहल्ल्यांतले, आणि उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेले. तिचं रोजचं काम हजेरी, पगारपत्रक, पीएफ, ईएसआयसी. रुजू झाल्यावर तिने पाहिलं की कितीतरी कामगारांचे पीएफचे दावे नुसत्या नावाच्या घोळामुळे अडकलेत. 'शेख' हे आडनाव इंग्रजीत चार तऱ्हांनी लिहिलं जातं. आधारवर एक, बँकेत दुसरं, कंपनीच्या यादीत तिसरं. कुणाचं आधी नाव मग आडनाव, कुणाचं आडनाव पुढे. आधीच्या माणसाला हे वेगवेगळे लोक वाटायचे. हिला वाटले नाहीत, कारण आपल्या वर्गाच्या हजेरीपटात तिने दहा वर्षं हेच पाहिलेलं होतं. तिने एकेकाला बसवून, त्याच्या भाषेत विचारून, कागद दुरुस्त करायला लावले. तिच्या साहेबांनी वर्षाच्या शेवटी तिचं कौतुक केलं ते याच कामासाठी.

पण तिची तक्रारही लिहिली पाहिजे. ती म्हणते, कॉलेजात एचआरच्या व्याख्या पाठ केल्या, अमुक विचारवंताने काय म्हटलं ते लिहिलं, पण पीएफचा दावा कसा भरतात हे कुणी दाखवलं नाही. दहा किलोमीटरवर एमआयडीसी होती. दोन वर्षांत एकदा कारखाना दाखवला, तोही फोटो काढण्यापुरता. तिची तक्रार मला रास्त वाटते. कॉलेज एमआयडीसीच्या रस्त्यावर आहे आणि मुलांना कारखान्यातला पगाराचा तक्ता माहीत नाही, याला संस्थाचालकांकडे कसलंही उत्तर नाही.

जिथे छोटेपणा उलटतो

आता दुसरी बाजू. दुसऱ्या सेमिस्टरनंतर उन्हाळ्यात प्रत्येक मुलाला एखाद्या कंपनीत किंवा दुकानात दोनेक महिने काम करून प्रकल्प लिहायचा असतो. सगळ्या अभ्यासक्रमात हीच एक गोष्ट अशी आहे की ती खरी केली तर छोट्या आणि मोठ्या कॉलेजातलं अंतर कमी होतं. आणि हीच सगळ्यात जास्त खोटी होते. झेरॉक्सच्या दुकानात तयार प्रकल्प मिळतात. कंपनीचं नाव आणि विद्यार्थ्याचं नाव बदलायचं, काळ्या कव्हरात बांधून घ्यायचं. ओळखीच्या माणसाकडून शिक्का आणायचा. कॉलेजला माहीत असतं, बाहेरून येणाऱ्या परीक्षकालाही माहीत असतं.

माझ्या एका विद्यार्थ्याने तसा प्रकल्प दिला. चांगले गुण पडले. पुढे पुण्यात मुलाखतीला गेला. समोरच्याने प्रकल्प चाळला आणि शांतपणे विचारलं, "तुम्ही शंभर ग्राहकांना प्रश्न विचारलेत असं लिहिलंय. ते शंभर लोक तुम्हाला कुठे भेटले?" पोरगा गप्प. मुलाखत तिथेच संपली. तो मला म्हणाला, "टीचर, मला उत्तर येत नव्हतं याचं वाईट नाही वाटलं. आमच्या गल्लीतल्या शंभर लोकांना विचारायला मला आठ दिवस लागले असते. तेवढेही दिवस कुणी करायला लावलं नाही याचं वाटतं."

स्पेशलायझेशनचंही तसंच. जाहिरातीत मार्केटिंग, फायनान्स, एचआर, ऑपरेशन्स, बिझनेस अॅनालिटिक्स असं सगळं लिहिलेलं असतं. दुसऱ्या वर्षाला कळतं की पुरेशी मुलं नसली तर तो विषय सुरूच होत नाही. मग फायनान्स हवं असणारा मार्केटिंगला बसतो. मुलींना तर विचारतही नाहीत, "तुम्ही एचआर घ्या" म्हणून सांगून टाकतात.

शिक्षकांचं काय? एआयसीटीईचा निकष वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. कागदावर तो पाळलेला असतो. पण पगार थकतो, शिक्षक दुसरीकडे जातो, सेमिस्टरच्या मध्यात नवा माणूस येतो. एका मुलीला चार सेमिस्टरमध्ये अकाउंट्सचे तीन शिक्षक बदलून मिळाले. काही कॉलेजं प्रवेशाच्या वेळीच हळूच सांगतात, रोज नाही आलात तरी चालेल. पालकांना ही सवलत वाटते. मुलगा दुकानही सांभाळेल आणि एमबीएही होईल. माझ्या मते ज्या कॉलेजने हे वाक्य उच्चारलं तिथून त्याच पावली परत यावं. छोट्या वर्गाचा जो एकमेव फायदा आहे तोच ते तुमच्याकडून काढून घेतायत आणि फी मात्र पूर्ण घेतायत.

आणि प्लेसमेंट. शब्द मोठा आहे. बहुतेक वेळा त्याचा अर्थ असा की दुसऱ्या एखाद्या कॉलेजात चार-पाच कंपन्या येतात, तिथे आसपासच्या सगळ्या कॉलेजांची मुलं गाडीत घालून नेतात. जागा असतात त्या विमा, कर्ज, खाती उघडणं, म्हणजे फिरतीच्या विक्रीच्या. दर महिन्याला टार्गेट. त्या कामात कमीपणा काही नाही. पण तेच काम बी.कॉम. झालेल्यालाही मिळतं. पुण्याला अशा जागी लागलेला एक मुलगा म्हणाला, "माझ्या बाजूला बसणारा एमबीए नाही. पगार दोघांचा सारखा. फरक एवढाच, माझ्यावर फीचं कर्ज आहे."

पत्रिकेवरची डिग्री

मुलींबद्दल वेगळं लिहावं लागतं, कारण त्यांचा हिशेब फीपाशी संपत नाही. माझ्या या विद्यार्थ्यांमध्ये निम्म्याहून जास्त मुली आहेत आणि गुणांनी त्या पुढे आहेत. एक तर कॉलेजात पहिली आली. सहा महिन्यांत लग्न ठरलं. लग्नाच्या पत्रिकेवर तिच्या नावापुढे 'एमबीए' ठळक छापलं होतं. आज ती सासरच्या तीन दुकानांचा हिशेब घरी बसून मोबाइलवर ठेवते. जीएसटीचे कागद तीच बघते, कामगारांचा पगार तीच काढते. बाहेरचा माणूस ठेवला असता तर त्याला महिन्याला पगार द्यावा लागला असता. तिला कुणी देत नाही, कारण ती 'घरचीच' आहे.

तिने घराबाहेर नोकरी केलीच पाहिजे असं मी म्हणत नाही. तो तिचा आणि तिच्या घरचा प्रश्न. पण जे काम ती करते त्याला काम म्हणायला काय हरकत आहे? इस्लामने बाईच्या कमाईवर आणि मालमत्तेवर तिचा हक्क मानलेला आहे, हे आपण जलशांमध्ये अभिमानाने सांगतो. मग घरातल्या एमबीए सुनेच्या नावावर महिन्याला काही रक्कम टाकायला अडचण कसली? दोन वर्षं रोज बस बदलून ती शिकायला गेली. पत्रिकेवर छापण्यापुरती ती डिग्री वापरायची असेल, तर मुलीला पाठवण्याआधी बापाने तिला तसं स्पष्ट सांगावं. तिला तिचा निर्णय घेऊ द्यावा.

फी आणि कागद

पैशांबद्दल आपल्याकडे जे होतं ते मला सर्वांत खटकतं. व्याजाचं कर्ज नको म्हणून अनेक घरं बँकेत जात नाहीत. सोनं विकतात किंवा प्लॉट काढतात. ती भावना मी समजते. पण ज्या सवलती हक्काच्या आहेत त्या न घेता सोनं विकणं, हे मला समजत नाही.

खासगी विनाअनुदानित कॉलेजची फी किती, हे संस्थाचालक ठरवत नाही. २०१५च्या कायद्यानुसार राज्याचं शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि कॉलेजनिहाय फी त्याच्या संकेतस्थळावर असते. त्यावर एक रुपयाही 'डोनेशन' म्हणून मागणं महाराष्ट्रात १९८७ पासून कायद्याने गुन्हा आहे. आपल्या अनेक मुस्लिम बिरादरी, जसं बागवान, तांबोळी, अत्तार, मोमीन, पिंजारी, राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. २०१४ साली मुसलमानांसाठी काढलेला पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश शिक्षणापुरता उच्च न्यायालयात टिकला, पण पुढच्या सरकारने त्याचा कायदा केला नाही. त्यामुळे आज हातात आहे ते ओबीसी आणि, जे त्यात बसत नाहीत त्यांच्यासाठी, आर्थिक दुर्बल घटकाचं आरक्षण. वार्षिक उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर महाडीबीटीवरून शिक्षण शुल्कात सवलत मिळते. मुलींसाठी तर ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने २०२४-२५ पासून ओबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या, आठ लाखांच्या आतल्या कुटुंबांना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. अट एकच मोठी आहे. प्रवेश सरकारी केंद्रीभूत प्रक्रियेतून, म्हणजे कॅप फेरीतून झालेला हवा. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलात तर माफी नाही. प्रवास, पुस्तकं, वसतिगृह यांचा खर्च उरतोच, पण सोनं मोडायची वेळ बहुधा येत नाही.

आता अडतं कुठे? शाळेच्या रजिस्टरात. आपल्या कितीतरी जुन्या दाखल्यांवर जातीच्या रकान्यात नुसतं 'मुसलमान' लिहिलेलं असतं, बिरादरीचं नाव नसतं. ओबीसी प्रमाणपत्रासाठी १३ ऑक्टोबर १९६७च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबांचा दाखला काढला की तिथेही 'मुसलमान'. मग आजोबांच्या भावांचे दाखले, जुनी जमिनीची कागदपत्रं, नगरपालिकेच्या नोंदी शोधत फिरावं लागतं. त्यावर जात वैधता, नॉन-क्रिमी लेयर. हे काम महिन्याभरात होत नाही. कॅप फेरी सुरू झाल्यावर धावपळ केली की फेरी निघून जाते, आणि मग संस्थाचालक म्हणतो, कोट्यातून घ्या. म्हणून मी माझ्या शाळेत नववीच्या पालकांच्या सभेतच सांगते, कागद आत्ता काढायला लागा. एमबीए करो वा न करो, हे कागद लागणारच आहेत. मशिदींच्या आणि जमातींच्या कमिट्यांना शिक्षणासाठी काही करायचं असेल, तर सत्कार समारंभाआधी हे काम हाती घ्यावं.

पालकांनी काय विचारावं

डोनेशन नाही, इमारत चकाचक, बस घरापर्यंत येते, एवढ्यावर कॉलेज निवडू नका. एआयसीटीईच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कॉलेजने स्वतःच्या संकेतस्थळावर 'मँडेटरी डिस्क्लोजर' टाकायचं असतं. त्यात शिक्षकांची नावं, फी, सोयी असतात. ती यादी मुलाला मोबाइलवर काढायला लावा आणि घेऊन कॉलेजात जा. विचारा, यातले किती शिक्षक दोन वर्षांपूर्वीही इथेच होते? गेल्या वर्षी कोणती स्पेशलायझेशन प्रत्यक्षात चालली? मागच्या तुकडीचे पाच उन्हाळी प्रकल्प दाखवा. त्या तुकडीतल्या पाच मुलांचे फोन नंबर त्यांना विचारून द्या. वर्ग चालू असताना दहा मिनिटं मागे बसू द्या.

चांगलं छोटं कॉलेज या प्रश्नांनी नाराज होत नाही. उलट असा पालक आला म्हणून तिथले शिक्षक खूश होतात. जिथे या प्रश्नांवर चहा मागवला जातो आणि विषय बदलला जातो, तिथे मुलगी पाठवू नका. नोकरी करून अनुभव घेऊ द्या, एखादं वर्ष थांबू द्या, पुढच्या वर्षी पुन्हा सीईटी देऊ द्या. एक वर्ष थांबलं म्हणून काही बिघडत नाही.

आणि जी मुलं शिकून आली त्यांच्याकडे माझं एक मागणं आहे. तुम्ही ईदला येता, मिठाई आणता, मला बरं वाटतं. पण वर्षातून एका शनिवारी शाळेत किंवा मोहल्ल्याच्या लायब्ररीत या आणि पदवीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांसमोर खरं खरं सांगा. कोणता शिक्षक चांगला होता, प्रकल्प कसा केला, पहिला पगार किती होता, काय चुकलं. मोठ्या कॉलेजांना जुन्या विद्यार्थ्यांचं जाळं असतं आणि त्यावर त्यांची निम्मी पत उभी असते. छोट्या कॉलेजांनी ते बांधलं नाही, पुढेही बांधतील याची मला फारशी आशा नाही. पण तुम्ही वीस-बावीस जण एकमेकांना ओळखता. वाळूजच्या त्या मुलीला दरवर्षी दोन-तीन इंटर्न लागतात. कर्जाचे अर्ज तपासणाऱ्या त्या मुलाच्या शाखेत जागा निघतात. या बातम्या आपल्या मुलांपर्यंत पोहोचवायला कुठल्या आयआयएमची गरज नाही.

येत्या शनिवारपासून आमच्या शाळेचा एक वर्ग दुपारी दोननंतर यासाठी मोकळा ठेवायला मुख्याध्यापकांनी होकार दिला आहे. फळा आहे, खडू आहे, बाकं आहेत. ज्यांना सांगायचंय त्यांनी यावं, ज्यांना विचारायचंय त्या पालकांनीही यावं.